सुभेदारीण आत्तीचं मत

आमच्या गावाला वर्षातले चार महिने इंग्रजी शाळा नव्हती. शाळा होती तिथंच होती, इस्लामपुरात, चार मैलांवर. पण मधे ओढा होता, आणि मृगात त्याला पाणी आलं की दसऱ्यापर्यंत तो कुणाचं ऐकत नसे. त्या दिवसांत पलीकडं जायला एकच साधन, काहील. गुऱ्हाळं बंद झाली की उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई लोक ओढ्यावर आणून टाकत. दोन्ही काठांच्या बाभळींना जाड नाडा बांधलेला असे. माणसं काहिलीत उकिडवी बसत आणि एकजण नाडा हातांनी ओढत ओढत तिला पलीकडं नेई. काहिलीला पुढची बाजू नसते, मागची नसते. ती गरगर फिरते, आणि आपण इस्लामपुराकडं चाललोय की परत घराकडं, हे आत बसलेल्याला कळेनासं होतं.

आबांची जमीन थोडी, त्यातली निम्मी खडकाची. आई लोकांच्या उसात खुरपायला जायची. थोरला दादा हुशार होता, पण दोन पावसाळ्यांच्या गैरहजेरीनं त्याचं नाव पटावरून गेलं आणि तो पलटणीत भरती झाला. मी टिकलो तो इस्लामपुरातल्या तालमीमुळं. पावसाळाभर मी तिथं पैलवानांच्या शेजारी झोपे. भाकऱ्या काहिलीतून येत, त्याही पुराच्या लहरीवर. तालमीच्या तांबड्या मातीत काडीनं आकृत्या काढून मी भूमिती शिकलो, मॅट्रिक झालो आणि सांगलीच्या कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिला माणूस मी, आणि हे मी छाती काढून सांगतो. पण माझ्यामागं हिरा होती, माझी धाकटी बहीण. तिचं डोकं माझ्याहून चांगलं. पण मुलीच्या जातीला तालमीत कोण झोपू देणार? शाळेच्या मुख्याध्यापकांनी आबांना बोलावून सांगितलं होतं, "या पावसाळ्यातली गैरहजेरी मी सांभाळून घेतो. पुढच्या मृगातही असंच झालं, तर नाव काढावं लागेल."

आबा मान हलवून घरी आले आणि गप्प बसले. गप्प बसली नाही ती आमची सुभेदारीण आत्ती.

आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण, गावातल्या गावातच दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, पहिल्या लढाईत बसऱ्याकडं गेले ते परत आलेच नाहीत. ते साधे शिपाई होते. सुभेदारीण ही पदवी गावानं आत्तीला तिच्या आवाजावरून दिली. बांधावर उभं राहून तिनं पलटणीतल्या हुकमासारखं "फालीन व्हा गं" म्हटलं की खुरपणाऱ्या बायका तर उठतच, शेजारच्या रानातली जनावरंही माना वर करत. मामांच्या मागं तिनं रान स्वतः कसलं. जमीन तिच्या नावावर होती आणि सारा ती स्वतः चावडीवर जाऊन भरायची. तलाठ्यानं बसायला सांगितलं तरी बसायची नाही. उभ्यानं पावती घ्यायची, कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि मगच निघायची.

तिची एक सवय सगळ्या भागाला माहीत होती. जनावर असो, माणूस असो, ती आधी त्याची खोड विचारायची. एकदा वडूजच्या बाजारात ती बैल घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. विकणारा बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत गुण सांगू लागला. आत्ती म्हणाली, "गुण मला दिसत्यात. खोड सांग."

"खोड न्हाईच बाई. बिनखोडीचा हाय."

"मग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

ती पुढं चालू लागली. चार दावणी ओलांडल्यावर एक म्हातारा भेटला. तो म्हणाला, "ह्यो डावीकडं जुंपला तरच चालतोय बगा. उजवीला जुंपलासा तर खाली बसतोय." आत्तीनं तिथंच बैल घेतला. परत येताना मी म्हटलं, "आत्ती, बिनखोडीचा सोडून खोडीचा घेतलास?"

"ह्याची खोड मला कळली. मी डावीकडं जुंपीन. त्याची कवा कळली असती? निम्मी नांगरट झाल्यावर."

लग्नं जमवतानाही हेच. मुलाकडची मंडळी बैठकीवर टेकली न टेकली तोच ही दारातनं विचारी, "पोराला खोड काय?" त्यापायी एकदोन सोयरिकी मोडल्या. पण ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्या घरात तिनं दिलेल्या मुली सुखानं नांदल्या.

दुसरी लढाई संपली आणि लोकल बोर्डाची निवडणूक लागली. जिल्ह्यातले रस्ते, पूल, प्राथमिक शाळा, सगळं तेव्हा लोकल बोर्डाकडं. मत मात्र सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर ठरावीक साऱ्याची जमीन, त्यालाच. आमच्या आळीत मतदार नऊ निघाले. आबांचं नाव त्यात नव्हतं, माझा तर प्रश्नच नव्हता. बाई एकटी आत्ती. आणि उरलेले आठजण काय करणार, तर आत्ती काय करते ते बघणार.

मी सांगलीहून आलो तो वारं भरल्यासारखा. देश स्वतंत्र होऊ घातला होता. बेचाळीसात आमच्या भागानं काय सोसलं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि उमेदवारांत आमचे, म्हणजे सगळ्या भागाचेच, गुरुजी उभे होते. तुरुंगात जाऊन आलेले, कुणाचा चहासुद्धा फुकट न पिणारे. मी त्यांच्या नावाच्या पाट्या गेरूनं भिंतीभिंतीवर लिहिल्या. घसा बसेपर्यंत ओरडलो. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. माझं आणि आळीचं सगळं ठरलेलं होतं. फक्त आत्तीला उमेदवारांची खोड विचारायची होती.

दुसरे उमेदवार होते त्यांना सगळे 'सरकार' म्हणत. जुने वतनदार. ते मोटारीतून पलीकडच्या काठापर्यंत आले आणि काहील बघून मोटारीतच बसून राहिले. त्यांचा कारभारी तेवढा पेढ्यांचा पुडा घेऊन अलीकडं आला. आत्तीनं त्याला विचारलं, "सरकारास्नी खोड काय?"

कारभारी दचकलाच. "आवं बाई, सरकारांना कसली आलीय खोड?"

आत्तीनं पलीकडच्या काठाकडं बोट केलं. "ती बघ की, मोटारीत बसलीया."

गुरुजी मात्र काहिलीतून आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पायात काही नाही. पाराजवळ ते बोलले तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्तीनं विचारलं तशी मला लाजच वाटली. पण गुरुजींनी रागावण्याऐवजी विचार केला आणि म्हणाले, "मला अपमान सोसत नाही, बाई. मान नाही तिथं मी क्षणभर थांबत नाही."

"म्हंजी आजवर किती ठिकाणी थांबला न्हाईसा?"

"शाळा कमिटी सोडली. सोसायटी सोडली. मागच्या खेपेला बोर्डावर होतो, तिथं अध्यक्षांनी एक वाक्य टाकलं, त्याच दिवशी राजीनामा दिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या. आत्तीनं टाळी वाजवली नाही, पण वाकून गुरुजींचे पाय धरले. ती फारशी कुणाचे पाय धरायची नाही. मी मनात म्हटलं, झालं, नऊ मतं आली.

तिसऱ्या उमेदवाराची मला काळजीच नव्हती. तो आप्पा. पलीकडच्या गावचा बागायतदार, पण त्याचा निम्मा ऊस ओढ्याच्या आमच्या अंगाला, आत्तीच्या रानाला लागून. तोंडाचा फाटका. पाटकऱ्याशी भांडण, मामलेदाराशी भांडण, सख्ख्या भावाशी भांडण. त्यानं आत्तीचा बांध दरसाल नांगराच्या तासानं कोरत कोरत दोन हात आत आणला होता. त्यावरून इस्लामपूरच्या कोर्टात दोघांचा दावा चालू होता. आप्पा मतं मागायला आत्तीच्या दारात येणं शक्यच नव्हतं. ते ओढ्यावर समोरासमोर आले. आप्पा नाडा ओढणाऱ्यावर खेकसत काहिलीची वाट बघत होता. आत्तीनं पाण्याचा हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांना विचारलेलं त्यालाही विचारलं.

"माझी खोड व्हय?" आप्पा म्हणाला. "मी भांडतोय. ज्याच्या मागं लागतो त्याला सोडत न्हाई. आन माझा फायदा असल्याबिगर मी उठत न्हाई. आणि काय पायजे?"

"आन बांध कोरतोस त्ये?"

"त्ये कोर्ट ठरवंल."

आत्ती हसली. मला ते हसणं तुच्छतेचं वाटलं. त्यानंतर दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत उभे होते. मी म्हटलं, तारखेचं चाललं असेल.

मतदानाचा दिवस भाद्रपदातला. मतं द्यायची पलीकडच्या गावच्या शाळेत. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता आणि ओढा काठोकाठ. नाडा ओढणारा म्हणाला, आज आपल्याच्यानं होणार नाही. मी धोतराचा काचा मारला आणि नाडा हातात घेतला. तालमीत उगीच झोपलो नव्हतो. पहिल्या खेपेला आत्ती आणि चार म्हातारे काहिलीत बसले. बाकीचे चारजण काठावर थांबले, मी परत येणार होतो.

पाण्याला ओढ होती. नाडा तळहातात करकचत होता आणि काहील पायाखाली फिरत होती. पण मला भारी उल्हास वाटत होता. गुरुजींची मतं मी स्वतःच्या हातांनी ओढून नेत होतो. उमेदवारांच्या पेट्या वेगवेगळ्या रंगांच्या असत. निम्म्यात आल्यावर मी म्हटलं, "आत्ती, गुरुजींची पेटी पांढरी. ध्यानात आहे ना?"

"हाय की. पर मी तांबडीत टाकणार हाय."

तांबडी पेटी आप्पाची. माझे हात थांबले. काहील जागच्या जागी फिरू लागली. म्हादूनाना नावाचे म्हातारे काहिलीचा काठ धरून पुटपुटले, "अगं सुभेदारीण, पल्याड गेल्याव तरी सांगायचं हुतंस की पोराला."

"त्यानं तुझा बांध कोरलाय, आत्ती."

"कोरलाय. त्याचा दावा चाललाय आन त्यो चालणार. मत त्याला, दावा त्याच्यावर."

"आणि गुरुजी?"

"गुरुजी सोनं हाय रं. पर बोर्डात कोण तरी वाकडं बोलंल, ह्यो राजीनामा दिऊन घरी यील. मग पुलाचं कोण बगंल? राजीनाम्यावरनं हिरा पल्याड जाईल व्हय?"

"आप्पा काय आपल्यासाठी पूल बांधणार आहे?"

"आपल्यासाठी कशाला बांधंल? सोतासाठी बांधंल. दिवाळीला ऊस तोडाय आला की त्याच्या गाड्या ह्या ओढ्यात आसापतोर रुतत्यात. त्याला पूल पायजे, लय पायजे. त्याला त्यो वरच्या अंगाला, त्याच्या रानापाशी करायचा हुता. पावसात तिथवर पोरीला वाट न्हाई. मी म्हटलं, पायवाटंवर करणार असशील तर माझं मत. त्यो व्हय म्हणाला. त्याच्या गाड्या जातील तिथनं हिरा चालत जाईल. तिला काय बैल लागत न्हाईत."

मी कॉलेजात शिकलेला सगळ्यात मोठा शब्द काढला. म्हटलं, "आणि तत्त्व म्हणून काही असतं का नाही?"

"आसंल. त्ये तू शिकलास, मला कळत न्हाई. मास्तरानं पुढचा मृग सांगितलाय, तेवढं कळतंय." मग तिनं पदर डोक्यावरनं नीट घेतला. "आता नेतोस का मागं फिरवतोस त्ये तू बघ. नाडा तुझ्या हातात हाय. मी काय पवत जाणार न्हाई."

खरं सांगायचं तर मी मागं फिरवणार होतो. दोन्ही काठ सारखेच लांब होते. पुराचं निमित्त आयतंच होतं, मला कुणी दोष दिला नसता. नऊ मतं घरी राहिली असती, म्हणजे आप्पाची नऊ कमी झाली असती. पण एक गोष्ट मला सोडेना. पेटीजवळ मतदाराशिवाय कुणी नसतं. 'पांढरीत टाकते' म्हणून आत्ती तांबडीत टाकू शकली असती. मला जन्मात कळलं नसतं. भर पाण्यात, नाडा माझ्या हातात असताना, तिनं मला खरं सांगितलं होतं. तिला मी अर्ध्या वाटेतनं परत कसा नेऊ?

मी नाडा ओढला. रागानं ओढला, पण पलीकडंच ओढला. मग परत जाऊन उरलेले चारही आणले.

आत्ती शाळेच्या खोलीत गेली ती लवकर बाहेर येईना. आली तेव्हा कपाळावर घाम होता. म्हणाली, "पांढऱ्या पेटीपाशी लय वेळ हुबी ऱ्हायले रं. हात तिकडंच जात हुता." एवढंच बोलली आणि पायरीवर बसून तिनं पाणी मागितलं. आपल्याला आवडतो त्याला मत द्यायला कष्ट पडत नाहीत. आत्तीनं त्या दिवशी केलं ते कष्टाचं काम होतं, हे मला तिचा चेहरा बघून कळलं. पटलं मात्र नाही.

आप्पा निवडून आला, तोही एका काहिलीत मावतील इतक्याच मतांनी. मी गुरुजींकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं, नाडा कुणी ओढला तेसुद्धा. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या आत्तीनं मला विचारलं ना, तेव्हाच मला उत्तर देताना कळलं होतं. माझ्या बोलण्यावर टाळ्या पडत होत्या आणि बाई मनात माझे राजीनामे मोजत होती." त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता कुणाला वाटेल, पूल झाला. पण आप्पानं खोड सांगितली होती ती खोटी नव्हती. मार्गशीर्षात ओव्हरसियर आला आणि खुंट्या ठोकल्या त्या वरच्या अंगाला, आप्पाच्या रानापाशी. मी सांगलीहून सुट्टीला आलो होतो. आत्तीला टोमणा मारायची संधी मी सोडली नाही. "घे, बांधला तुझ्या आप्पानं पूल."

आत्तीनं बाजारचा दिवस गाठला. इस्लामपूरच्या भर बाजारात, गुळाच्या अडत्यांच्या ओळीत आप्पा बसला होता, तिथं ती जाऊन उभी राहिली. बांधावरचा आवाज तिनं तिथं लावला.

"आप्पा, मला तू तीन खोडी सांगितल्यास. बोलून फिरतोस ही चौथी ऱ्हायली व्हय सांगायची?"

"सुभेदारीणबाई, हळू बोल की. माणसं हायती."

"माणसं हायती म्हणूनच आले. कोर्टात तुझा वकील हाय, हितं न्हाई."

आठवड्यामागून आठवडे प्रत्येक बाजारच्या दिवशी ती तिथं जायची. मत देऊन झाल्यावर बाकीचे आठजण मोकळे झाले होते. आत्तीचं म्हणणं, आपलं काम आता सुरू झालं. तिला अर्ज लिहून हवे होते आणि मी सांगलीला. तेव्हा तिनं काय करावं? ती सरळ गुरुजींच्या घरी गेली. आणि गुरुजींनी, ज्यांना तिनं पाडलं त्यांनी, मोत्यासारख्या अक्षरात बोर्डाला अर्जावर अर्ज लिहून दिले. एका अर्जाला बोर्डातनं उर्मट उत्तर आलं. गुरुजींनी ते फाडून टाकलं आणि दुसरा लिहायला घेतला. आत्ती म्हणाली, "बगा, सोसतंय की तुमास्नी." गुरुजी हसले म्हणे.

शेवटी आप्पानं खुंट्या हलवल्या. लोकलाजेनं हलवल्या, की दुसऱ्या निवडणुकीच्या भीतीनं, देव जाणे. पण एकदा पायवाटेवर काम धरल्यावर त्याच्या सगळ्या खोडी आमच्या उपयोगी पडल्या. इंजिनियरनं पुढल्या सालावर ढकलायचं म्हटलं तर आप्पा त्याच्याशी भांडला. दगड आला नाही तर खाणीवाल्याशी भांडला. बोर्डाच्या सभेत अध्यक्षांशी भांडला, आणि तिथं त्याला नाही नाही ते बोल बसले. तो तसूभर हलला नाही. राजीनामा द्यायचं त्याला सुचलंही नसेल. आपल्या गाड्या रुतत होत्या, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं होतं. त्या उन्हाळ्यात मी रोज कामावर जायचो. दगड वाहिले, चुना मळला. सांगलीचा कॉलेजवाला पाट्या उचलतोय म्हणून गवंडी हसत. बांधकाम हातभर वर आलं की मी घरी पळत जाऊन हिराला सांगायचो.

बांधाचा दावा चालूच राहिला. तारखेला दोघं एकाच रस्त्यानं इस्लामपूरला जात, आप्पा गाडीतनं आणि आत्ती पायी. पूल झाल्यावर एकदा आप्पा म्हणाला, "बस गाडीत, बाई." आत्ती बसली. कोर्टाच्या दारात उतरली आणि आत जाऊन त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. पुढच्या खेपेला तिनं आप्पाला मत दिलं नाही. म्हणाली, "त्याच्यातलं माझ्या कामाचं हुतं तेवढं झालं. आता नुसत्या खोडी उरल्या."

मी बी.ए. झालो, आमच्या गावातला पहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत आत्ती गेली. दाव्याचा निकाल तेव्हाही लागला नव्हता. तिच्या दहाव्याला आप्पा आला होता. कोपऱ्यात बसून राहिला आणि कुणाशी न भांडता गेला. मतदान आलं की मी आजही तिच्यासारखीच उमेदवाराला तोंडावर खोड विचारतो, आणि लोकांना तो उर्मटपणा वाटतो. वाटू दे. मनासारखं मत पडत नाही म्हणून त्या दिवशी मी काहील मागं फिरवली असती, तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे.

पूल पुरा झाला तेव्हा मृगाला चारच दिवस उरले होते. त्या पावसाळ्यात ओढ्याला दोनदा पूर आला. हिरा एकही दिवस गैरहजर राहिली नाही. पुढं ती मॅट्रिक झाली. आमच्या गावातून मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी.